भिशीच्या पैशात सिंगापूर: आधी लेकीची उंची मोजा

इचलकरंजीहून एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, थोडक्यात सांगते. मिस्टर यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, ताई घरी ब्लाउज शिवतात, पिको-फॉल करतात. मुलगा ११ वर्षांचा, शाळेच्या सहलीतून खोपोलीच्या इमॅजिकाला जाऊन आला आणि तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मुलगी साडेपाच वर्षांची, 'बारीक चणीची' असं त्यांनीच लिहिलंय. येत्या दोन महिन्यांत त्यांची भिशी लागणार, अडीच लाख हातात येणार, आणि नवराबायकोनं ठरवलंय की यातून मुलांना एकदा परदेशातलं थीम पार्क दाखवायचं, शनिवार-रविवारला जोडून तीन-चार दिवस. पासपोर्ट अजून कुणाचाच नाही. त्या विचारतात, एवढ्यात चौघांचं होतं का? कुठं जावं, पॅकेज घ्यावं की आपलं आपण करावं? आम्ही शाकाहारी, जेवणाचं काय? सासूबाईंना न्यायची फार इच्छा आहे, जमेल का? आणि शेवटी लिहिलंय, 'शेजारच्या काकू म्हणाल्या, झोपाळ्यात बसायला एवढे पैसे घालवणार होय, तेव्हापासून मनाला लागून राहिलंय.'

ताई, होतं. अडीच लाखात चौघांचं नीट होतं, उधारी न करता होतं, पण एक पार्क, एक पूर्ण दिवस, आणि बाकी सगळीकडे हात आखडता, असं केलं तरच. बहुतेक जण नेमकं उलटं करतात, हॉटेल भारीतलं घेतात, शॉपिंगला पैसे ठेवतात, दोन देश जोडतात आणि ज्यासाठी गेलो त्या पार्कला अर्धा दिवस देतात. आमचंही पहिल्या वेळी तेच झालं म्हणून इतकं पोटतिडकीनं लिहितेय.

कुठं जायचं ते आधी. माझं मत सरळ आहे, तुमच्यासाठी सिंगापूर. हाँगकाँगचं डिस्नीलँड सुंदर आहे, पण तिथल्या तिकिटातच बजेट ताणलं जातं. दुबईला पार्कं आहेत पण आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथलं ऊन म्हणजे मुलांना भट्टीत नेल्यासारखं. सिंगापूरला मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांच्या आसपास, घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अडीच तास पुढं, म्हणून मुलांची झोप फार बिघडत नाही. नळाचं पाणी पिता येतं, मेट्रोच्या पाट्या इंग्रजीबरोबर तमिळमध्येही असतात, आणि लिटल इंडियात उतरलं की डोसा, इडली, थाळी सगळं हाताशी. पार्क म्हणजे सेंटोसा बेटावरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. २०१० साली सुरू झालं. अमेरिकेतल्या पार्कांच्या मानानं लहान आहे आणि तुमच्यासारख्यांना हेच सोयीचं, कारण सकाळी आत शिरलात तर संध्याकाळपर्यंत सगळं होतं, दुसऱ्या दिवसाचं तिकीट काढावं लागत नाही.

आता एक काम करा, हे उत्तर वाचलंत की आजच करा. लेकीला भिंतीला उभी करा, अनवाणी, टाचा भिंतीला, डोक्यावर पुस्तक आडवं धरून पेन्सिलीनं खूण करा आणि टेपनं मोजा. तुमच्याकडे शिवणाचा टेप आहेच, सेंटीमीटरच्या बाजूनं बघा. आणि संध्याकाळी मोजा, सकाळी माणूस सेंटीमीटरभर उंच भरतो, ती उंची तिथं दुपारी कामाला येत नाही.

हे का सांगते तर तिथं प्रत्येक राइडच्या तोंडाशी उंचीची पट्टी असते. ट्रान्सफॉर्मर्सच्या राइडला १०२ सेंटीमीटर लागतात, जुरासिक पार्कच्या पाण्यातल्या राइडला १०७, अंधारातल्या ममीच्या कोस्टरला १२२, आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिका म्हणून जी दोन मोठी रोलर कोस्टर आहेत त्यांना १२५. मुलगा ११चा आहे, त्याला बहुतेक सगळं चालेल. लेकीचा प्रश्न आहे. साडेपाच वर्षांची बारीक चणीची पोर म्हणजे ती या १०२ आणि १०७च्या आसपासच कुठंतरी असणार.

आमची लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. रांगेत पाऊण तास उभे राहिलो, ती तोपर्यंत रोबोटचं चित्र बघून बघून नुसती नाचत होती, आणि दारात पोचल्यावर तिथल्या मुलीनं हसत हसत पट्टी डोक्यावर धरली. पट्टी आणि केस यांच्यामध्ये दोन बोटं जागा राहिली. लेक टाचा वर करायला लागली तर त्या मुलीनं खाली बसून तिच्या दोन्ही सँडलवर हलकेच हात ठेवला आणि मान हलवली. काही बोलली नाही, रागावली तर अजिबात नाही. पण माझ्या पोरीचं तोंड जे उतरलं ते मी विसरू शकत नाही, कारण चूक तिची नव्हती, घरी दोन मिनिटं टेप लावायचं काम माझं होतं.

म्हणून लेक १०७च्या वर असेल तर बिनधास्त ठरवा. १०२ आणि १०७च्या मध्ये असेल तरी चालेल, फक्त तिला घरीच सांगून ठेवा की पाण्याची राइड दादाची, आणि तुझ्या अमुक अमुक, मुलं आधी सांगितलं की ऐकतात. पण १०२च्याही खाली असेल तर माझं ऐका आणि सात-आठ महिने थांबा. या वयात मुलं वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतात. पैसे कुठं जात नाहीत, आणि तेवढ्यात पासपोर्टबिसपोर्ट सगळं निवांत होईल. सगळं ठरल्यावर तिकीट काढायच्या आदल्या आठवड्यात पुन्हा एकदा मोजा आणि पार्कच्या वेबसाइटवर त्या महिन्यात कुठली राइड दुरुस्तीला बंद आहे तेही बघून घ्या, ते तिथं लिहिलेलं असतं.

आणखी एक सोय कुणी सांगत नाही. ज्या राइडला लेकीला घेत नाहीत तिथं 'चाइल्ड स्वॅप' आहे का असं दारातल्या माणसाला विचारायचं. म्हणजे चौघंही रांगेतनं जायचं, आधी मिस्टर मुलाला घेऊन बसणार, तुम्ही लेकीला घेऊन आतच थांबणार, ते उतरले की लेक त्यांच्याकडे आणि तुम्ही बसणार, पुन्हा रांग नाही. ताई, तुम्हीही बसा हं. आपल्याकडे बायका पर्स आणि पाण्याची बाटली सांभाळत बाकड्यावर बसून राहतात नि घरी येऊन म्हणतात पोरांनी मजा केली. भिशीचे हप्ते तुमच्याही शिलाईतनं गेलेत.

आता हिशोब. सिंगापूर डॉलर ७० रुपयांच्या आसपास धरा, जायच्या वेळी बघून दुरुस्त करा. सगळ्यात मोठा खड्डा विमानाचा, आणि दोन वर्षांवरच्या मुलांना जवळपास पूर्ण भाडं लागतं हे लक्षात ठेवा. तीन-चार महिने आधी बघितलं तर येऊन-जाऊन माणशी २५ हजारांच्या आसपास धरायला हरकत नाही, म्हणजे चौघांचे १ लाख. तिकीट बघताना बॅगेसकट आहे का ते बघा, स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात कधी कधी नुसती हातातली बॅग असते आणि मोठीचे पैसे नंतर लावतात. व्हिसा सिंगापूरच्या अधिकृत एजंटमार्फतच होतो, सरकारी फी ३० डॉलर, वर एजंटचे, असे चौघांचे १२ हजार, मुलांचाही वेगळा लागतो. हॉटेल तीन रात्री, लिटल इंडिया किंवा लॅव्हेंडर भागात चौघांची फॅमिली रूम, रात्रीचे १६० डॉलरपर्यंत धरले तर ३४ हजार. खोली टीचभर असेल, तयारी ठेवा, झोपायलाच तर जायचंय. पार्कचं तिकीट तारखेप्रमाणे बदलतं, मोठ्यांचं साधारण ८० ते ९० डॉलर, ४ ते १२ वर्षांच्या मुलांचं ६० ते ७०, चौघांचे २२ हजारांपर्यंत. जेवणखाण चार दिवसांचं १७ हजार, मेट्रो-बस ६ हजार, प्रवास विमा ३ हजार, कोल्हापूर-मुंबई जाऊन-येऊन ६ हजार. झाले दोन लाख. पासपोर्टला मोठ्यांना १,५०० आणि मुलांना १,००० लागतात, आठ वर्षांखालच्यांना दहा टक्के सूट, म्हणजे लेकीचे ९००, असे सगळे मिळून ५ हजारांच्या आत. उरतात साधारण ४५ हजार. त्यातले २५ हजार हातसुद्धा लावायचे नाहीत, मूल आजारी पडलं, विमान चुकलं, त्यासाठी. बाकीच्या वीसात काय तो खाऊ, खेळणी आणि घरच्यांना चॉकलेटं.

इथंच सासूबाईंचं उत्तर येतं आणि ते मला जड मनानं लिहावं लागतंय. पाचवा माणूस म्हणजे विमान, व्हिसा, तिकीट, जेवण मिळून ४० हजार तर आहेतच, पण खरी अडचण खोलीची. तिथली हॉटेलं खोलीत माणसं मोजून घेतात, चौघांच्या खोलीत पाचवं गादी टाकून झोपलं असं चालत नाही, म्हणजे दुसरी खोली, आणखी तीसेक हजार. झाले ७० हजार, तुमची राखीव रक्कम संपून वर उसनवारी. शिवाय पार्कात दिवसभर उन्हात आणि दमट हवेत चालणं. त्यांना खरंच यायचं असेल आणि नणंद-दीर कुणी निम्मा भार उचलणार असेल तर एक वर्ष पुढं ढकला आणि सगळे जा. नसेल तर हा हिशोब त्यांच्यासमोर वहीत मांडून दाखवा. मी तर हेच बघितलंय की म्हातारी माणसं पैशाचं गणित आपल्यापेक्षा लवकर समजतात, त्यांच्या मनाला लागते ती लपवाछपवी.

भिशीचं एक सांगायचं राहिलं. भिशीची रक्कम रोख मिळते, आणि व्हिसाच्या वेळी एजंट बहुतेक करून मागच्या काही महिन्यांचं बँक स्टेटमेंट मागतात. आदल्या दिवशी एकदम अडीच लाख भरलेले दिसले तर प्रश्न येतात. म्हणून रक्कम हातात आली की लगेच बँकेत भरा आणि खात्यात राहू द्या, मिस्टरांचा पगारही त्याच खात्यात येत असेल तर उत्तम. आणि भिशी हातात पडायच्या आधी एक रुपयाचंही बुकिंग करू नका, कितीही ऑफर असू दे. तुमचं खातं सहकारी बँकेत आहे असं लिहिलंय, तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा की कार्ड परदेशात चालतं का, पुष्कळ ठिकाणी चालत नाही. आणि चालत असलं तरी २०२०पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नवीन कार्डाचा परदेशी वापर आधी बंदच असतो, तो आपण ॲपमधून किंवा शाखेत जाऊन चालू करून घ्यायचा असतो. नाही चाललं तर फॉरेक्स कार्ड घ्या, त्यात डॉलर भरून न्यायचे, शिवाय दोन-तीनशे डॉलर रोख. तिथल्या दुकानात मशीनवर 'रुपयात देता का डॉलरमध्ये' असं विचारलं तर कायम डॉलर म्हणा, रुपये म्हटलं की दर ते लावतात आणि तो आपल्याला महागात पडतो.

पासपोर्टचा अर्ज सरकारी पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरूनच करा, सारख्या नावाच्या बऱ्याच साइट्स जास्तीचे पैसे घेतात. कोल्हापूरला पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पुण्याला जायची गरज नाही. नावांची फार काळजी घ्या. आपल्याकडे आधारवर एक, पॅनवर दुसरं, लग्नानंतरचं तिसरं, आणि मधलं नाव कधी नवऱ्याचं कधी वडिलांचं असा घोळ घरोघरी आहे. आधी आधार आणि पॅन एकसारखं करा, मग पासपोर्ट. आणि विमानाचं तिकीट काढताना पासपोर्ट समोर उघडून ठेवायचा, अक्षर न् अक्षर बघून टाइप करायचं. आडनावाच्या जागी आडनाव, आणि नावाच्या जागी पासपोर्टवर जसं नाव आणि मधलं नाव एकत्र आहे तसंच्या तसं. चुकलं तर नंतर बदलायला पैसे घेतात, कधी कधी बदलूनच देत नाहीत.

आता पॅकेज की स्वतः. पॅकेजवाले चोर असतात असं मी म्हणणार नाही, पहिल्यांदा विमानतळ बघणाऱ्याला कुणीतरी सोबत असलं की धीर येतो हे खरंय. पण आम्ही पहिल्यांदा पॅकेजनं गेलो, आणि पत्रकात 'युनिव्हर्सल स्टुडिओज तिकिटासह' असं ठळक छापलेलं होतं. सकाळी बस भरून शहर दाखवलं, मग एका चॉकलेटच्या दुकानात तास गेला, मग सगळ्यांचं एकत्र जेवण, आणि पार्कच्या दारात गाडी लागली तेव्हा दीड वाजला होता. संध्याकाळी सहाला परत गाडीजवळ यायचं. त्यातच ती मघाची रांग. तिकिटाचे पैसे पूर्ण दिवसाचे आणि हातात साडेचार तास. तुम्ही पॅकेज घ्यायचं ठरवलंच तर त्या माणसाला एकच प्रश्न लेखी विचारा, पार्कला किती वाजता सोडणार आणि किती वाजता नेणार. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापतात, तो तुमच्या पॅनवर जमा होतो पण परत मिळवायला इन्कम टॅक्सचं रिटर्न भरावं लागतं, तुम्ही भरत नसाल तर ते एक काम वाढतं. नुसतं विमानाचं तिकीट आणि हॉटेल वेगवेगळं काढलं तर ही भानगड नाही. माझं म्हणणं, मिस्टर माग उघडून जोडतात ना, त्यांना सिंगापूरची मेट्रो अवघड नाही.

दिवस असे लावा. मुंबईहून रात्रीचं विमान धरा, बुधवारी रात्री निघा म्हणजे गुरुवारी सकाळी पोचाल. कोल्हापूरहून येताना त्याच दिवशीचं काहीतरी गाठून धावत विमानतळावर जाऊ नका, आदल्या रात्रीच्या महालक्ष्मी एक्सप्रेसनं किंवा बसनं या आणि मुंबईत कुणी नातेवाईक असतील तर दिवसभर तिथं पाठ टेका. सिंगापूरला खोली दुपारी तीनच्या आसपास मिळते, पण बॅगा आधी ठेवून घेतात. गुरुवारी काही नाही, जेवा, झोपा, संध्याकाळी गार्डन्स बाय द बेला जा. तिथं उंच लोखंडी झाडांवर रात्री पावणेआठला आणि पावणेनऊला लाइट आणि गाण्याचा शो असतो, फुकट आहे, मुलं जमिनीवर आडवी पडून वर बघतात.

पार्क शुक्रवारी. शनिवारी-रविवारी अजिबात नको, तिथल्या लोकांचीही तीच सुट्टी असते. मुलांची तीन दिवसांची शाळा बुडेल, बुडू दे. त्याच कारणानं महिनाही नीट निवडा, जून आणि नोव्हेंबरच्या मध्यानंतर डिसेंबरअखेर तिथल्या शाळांना सुट्टी असते, आपल्या दिवाळीत विमान महाग, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथं रस्त्यावर गाड्यांची रात्रीची शर्यत असते त्या आठवड्यात हॉटेलं दुप्पट भाव सांगतात. जुलै किंवा ऑगस्टचा शेवट, गणपती कधी आहेत ते बघून, हा मला सगळ्यात बरा वाटतो.

शुक्रवारी सकाळी लिटल इंडियातच पोटभर खा. टेक्का सेंटर म्हणून मंडई आहे, खाली भाजी-मासळी आणि कडेला खाण्याचे गाळे, मासळीचा वास सोसत नसेल तर सेरंगून रोडवर कोमला विलास आहे, १९४७पासूनचं शाकाहारी हॉटेल. केळीच्या पानावर डोसा आणि बाजूला सांबार-चटण्या आल्या की तुमच्या मुलांचा चेहरा बघा, परदेशात आलोय हेच विसरतील. मग मेट्रोनं हार्बरफ्रंटला उतरायचं, नॉर्थ ईस्ट लाइन, लिटल इंडियातनं थेट आहे, गाडी बदलायची नाही. तिथनं सेंटोसाला जायला मोनोरेल आहे, माणशी ४ डॉलर, पण शेजारूनच चालत जायचा झाकलेला पूल आहे, तो फुकट. सकाळी थंड वेळेला चालत जा, संध्याकाळी दमल्यावर मोनोरेलनं परत या. परतीला तिकीट लागत नाही, म्हणजे १६ डॉलर वाचले आणि पायही वाचले.

पार्क बहुतेक दिवशी दहाला उघडतं. तुम्ही नऊ-सव्वानऊला दारात. पहिला तास-दीड तास हा सगळ्या दिवसातला सोन्याचा वेळ आहे, तेव्हा फोटो काढत बसायचं नाही, गोल फिरणाऱ्या पृथ्वीचा फोटो जातानाही निघतो. आधी सरळ ट्रान्सफॉर्मर्स, मग बॅटलस्टार मुलासाठी, मग ममी. अकरानंतर रांगा फुगायला लागतात, तेव्हा लेकीच्या राइड्स आणि शो धरायचे, सेसमी स्ट्रीटची राइड आहे, श्रेकचा वाडा आहे, मिनियन्सचा नवीन भाग २०२५मध्ये उघडलाय, आणि वॉटरवर्ल्डचा पाण्यातला स्टंट शो आहे त्यात सगळे बसून दम खातात. मुलाला एकट्याला बसायची हिंमत असेल तर काही मोठ्या राइड्सना 'सिंगल रायडर' अशी वेगळी रांग असते, सुट्या जागा भरायला, ती झरझर पुढं सरकते. एक्सप्रेस पास म्हणून तिकिटाएवढाच महाग पास विकतात, तो शुक्रवारी लवकर पोचणाऱ्याला नको.

दुपारी पाऊस येणारच असं धरून चला. सिंगापूरचा पाऊस आपल्या वळवासारखा, धो धो आणि मग उघडतो, पण वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद ठेवतात. म्हणून पाण्याची राइड आणि मोठी कोस्टर्स सकाळीच. घरून प्रत्येकी एक प्लास्टिकचा रेनकोट न्या, आपल्याकडे पन्नास-शंभरला मिळतो तो, तिथं त्याचेच कितीतरी पट देऊन लोक घेत होते. पाण्याच्या बाटल्या न्या आणि आत नळावर भरा. बाहेरचं जेवण आत नेऊ देत नाहीत, म्हणून दुपारचं एक जेवण आत धरलंय मी हिशोबात, ते तीनच्या सुमाराला करा, गर्दी ओसरल्यावर.

शनिवारी मर्लायनचा पुतळा, सेंटोसाचा समुद्रकिनारा, मुस्तफा नावाचं मोठं दुकान, जे जमेल ते. इथं बऱ्याच जणांना मोह होतो की मलेशियाचं लेगोलँड अगदी पलीकडंच आहे, बसनं तासाभरात, एका ट्रिपमध्ये दोन देश होतील. नको ताई. शनिवारी त्या सीमेवरच्या पुलावर इमिग्रेशनला कसली गर्दी असते, मुलं उभ्या उभ्या पेंगतात, आणि परत येताना पुन्हा तेच, वर सिंगापूरचा व्हिसा दुसऱ्यांदा आत येऊ देणारा आहे का तेही बघावं लागतं. रविवारी परत निघताना विमानतळावर गरजेपेक्षा दोन तास आधीच पोचा, तिथं ज्वेल म्हणून काचेचा घुमट आहे, आत ४० मीटर उंचावरनं धबधबा पडतो, आत जायला पैसे लागत नाहीत.

काकूंचं बोलणं मनाला लावून घेऊ नका असं मी म्हणणार नाही, लागतंच. पण त्यांना उत्तर द्यायची गरज मला वाटत नाही. तुमच्या मुलानं इमॅजिकाहून आल्यावर राइडचं चित्र काढून कपाटाच्या दारावर चिकटवलंय असं तुम्ही लिहिलंय. वर्षभर ते चित्र तुम्ही रोज बघताय आणि हप्ता भरताय. हे पैसे कुणाकडून मागितलेले नाहीत. काय खरेदी केलं असतं तर काकूंना पटलं असतं, गळ्यातलं, बाइक? तेही आपापल्या जागी ठीकच. तुम्ही हे निवडलंय, आणि मला ते चांगलं वाटतं.

आता बॅग भरतानाचं. लाडू, चिवडा, दशम्या, लोणचं न्या, पहिल्या दोन दिवसांच्या नाश्त्याचे पैसे वाचतात. पण खसखस सिंगापूरमध्ये चालत नाही, बंदी आहे, म्हणून अनारसे नकोत, आणि घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तोही नको. च्युइंग गमही नेऊ नका. आणि मिस्टरांना तंबाखूची सवय असेल, तुम्ही तसं काही लिहिलं नाही पण कारखान्यात बऱ्याच जणांना असते म्हणून सांगते, तर पुडी, मावा, गुटखा काही म्हणजे काही खिशातसुद्धा राहता कामा नये, त्यावर तिथं बंदी आहे, दंड होतो. निघायच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म, ऑनलाइन भरायचं असतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी समजा.

आणि उंची किती भरली ते मला नक्की कळवा. १०२च्या अगदी काठावर असेल तर तारखा आपण त्याप्रमाणे परत बसवू.